वगळलेला तास

५ जानेवारी, सोमवार

आले एकदाची कासाब्लांकात, आणि पहिल्याच दिवशी खिडकीजवळची जागा पटकावली. सिदी मारूफमधली ही इमारत सहा मजली आहे, आम्ही चौथ्यावर. समोर ट्राम, खाली मसेमेन, म्हणजे तव्यावरच्या घडीच्या पोळ्या, विकणारी बाई, आणि मजल्यावर पुदिन्याचा चहा दिवसभर आयता. सफीहून निघताना आई रडली होती. तिला फोन करून सांगितलं की रडायचं काही कारण नाही, लेक मजेत आहे.

साहेब म्हणजे सी बूशाइब. समोरच्याकडे न बघता बोलतात. शेजारच्या टेबलावर झोहैर, त्याचं तोंड क्षणभर बंद राहत नाही. माझं नाव विदाद, म्हणजे इथल्या एका फुटबॉल संघाचंच नाव, आणि मी मात्र त्यांच्या वैऱ्यांची, रजा संघाची, हे कळल्यावर त्याने तासभर माझी टर उडवली. सफीची, मासळीच्या बंदराची आहे म्हटल्यावर, डब्यात सार्डिन मासळी आणलीस का, हेही विचारून झालं. मी म्हटलं, आणलीय, पण ती माणसांना देते. तेव्हा कुठे गप्प बसला.

काम माझ्या हातचं आहे. एक डेअरी, एक बस कंपनी आणि चार डायलिसिस दवाखाने आपली माहिती आमच्याकडे ठेवतात. ती चाळायला लागणारी यंत्रं दूर कुठेतरी असतात, हवी तेवढी घ्यायची, नको झाली की सोडायची. त्यांच्या जुळणीला रनटाइम म्हणतात, पण या मजल्यावर सगळे भट्टीच म्हणतात, गल्लीतल्या पावाच्या भट्टीवरून. काम आलं की भट्टी पेटते. काम वाढलं की शेजारी दुसरी पेटते. पाच मिनिटं कोणी काही मागितलं नाही की आपोआप विझते. किती पेटू द्यायच्या आणि कधी विझवायच्या हे बघणारी आता मी.

माझ्या आधी इथे इद्देर नावाचा मुलगा होता. न सांगता निघून गेला म्हणे. सी बूशाइबनी बजावलं की कंपनीच्या यंत्रावर जे जे टाइप होतं ते मी वाचतो. म्हणून ही वही कागदाची.

७ जानेवारी, बुधवार

दोन दिवस नुसती साफसफाई. एकंदर एकेचाळीस भट्ट्या, निम्म्यांना मालक नाही. ज्यांना वाली नाही त्या विझवत सुटले. दवाखान्यांची कामं आता लवकर उरकतात, त्यामुळे मी स्वतःवर खूश आहे.

एकच भट्टी ऐकेना. गेल्या वर्षीच्या सहा एप्रिलपासून ती सलग पेटलेली आहे. नऊ महिन्यांत एकदाही पाच मिनिटं रिकामी नाही. मी हाताने विझवली. दोन मिनिटं विझली आणि परत पेटली. कोण मागतंय म्हणून बघितलं तर मागणाऱ्याचं नाव इद्देर.

झोहैरला विचारलं. तो म्हणाला, ती सोडून दे, विदाद, चाळीस भट्ट्या आहेत ना तुला खेळायला. मस्करीत म्हणाला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मला कोणी सोडून दे म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

९ जानेवारी, शुक्रवार

सगळे कुसकुस खायला गेले तेव्हा मी ते प्रश्न वाचले. मुळात एकच प्रश्न आहे, परत परत. इमारतीच्या हजेरीच्या यादीला तो विचारतो: चौथ्या मजल्यावर माझ्याशिवाय आत्ता कोण आहे? उत्तर येतं: कोणी नाही. चार मिनिटांनी परत तेच. पाच कधी होऊ देत नाही.

आधी वाटलं, इद्देरने एखादा कार्यक्रम लावून ठेवला असेल, तो आपला चालू आहे. पण अधूनमधून टाइप करताना अक्षर चुकतं, आणि लगेच दुरुस्त होतं. यंत्र असं चुकत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रत्येक प्रश्नावर तारीख सहा एप्रिल, रविवार, आणि वेळ दोन ते तीनच्या मधली. दोन एकोणसाठनंतर परत दोन. असे हजारो फेरे. आता सहा एप्रिलला दोन ते तीन हा तास झालाच नव्हता. रमजान संपल्यावरचा तो रविवार. दोन वाजता घड्याळ थेट तीनवर गेलं, जसं दर वर्षी जातं. पुढच्या रमजानच्या तोंडावर एका रविवारी तिनाचे पुन्हा दोन करतात आणि तो तास परत मिळतो. सगळा देश हेच करतो आणि वर्षभर एकमेकांना विचारत बसतो की भेटायचं ते जुन्या तासाने की नव्या.

जो तास झालाच नाही त्यात बसून हा कोण टाइप करतोय?

१२ जानेवारी, सोमवार

सरळ सी बूशाइबना विचारलं. ते म्हणाले इद्देर कॅनडाला गेला, तरुण पोरं जातातच. मी विचारलं, कोणी पाहिला जाताना? ते बाईसाहेब म्हणावं तसं लाला लावून म्हणाले, लाला विदाद, तुम्हाला भट्ट्या बघायला ठेवलंय, माणसं बघायला नाही.

हजेरीची यादी मात्र माझ्या हाताखालीच येते. इद्देरचं कार्ड पाच एप्रिलला रात्री पावणेबाराला आत आलंय. बाहेर गेलेलं नाही. तास बदलताना दर वर्षी गोंधळ होतो म्हणून सगळी कामं थांबवून परत सुरू करायला त्याला बसवलं होतं. नियम असा की दोनच्या आत सगळं थांबवायचं आणि तीनला पुन्हा लावायचं. त्याने मधल्याच तासात भट्टी पेटवली. अडीचला लाव, असं स्वतःच्या हाताने लिहिलंय. जुन्या तासाने विचार केला बिचाऱ्याने. ही चूक आपल्याकडे घरोघर होते, कोणाची बस चुकते, कोणाचा दाताचा डॉक्टर.

१७ जानेवारी, शनिवार

इद्देरची आई हाय मोहम्मदी वस्तीत राहते, लाला तामू. अझीलालच्या डोंगरातली बाई, हनुवटीवर गोंदण. भिंतीवरचं घड्याळ बारमाही जुन्या तासावर. ती म्हणाली, सरकारला हवं तेव्हा हलवू दे, माझ्या घरात कशाला? पोरगा त्याच घड्याळावर वाढला. तेव्हा मला कळलं, अडीच त्याने कुठून आणले.

पोलिसांनी तिला सांगितलं की तीस वर्षांचा बाप्या आहे, होडीत बसून गेला असेल. ती म्हणाली, माझा इद्देर आंघोळीच्या बादलीला घाबरतो, होडीत कसला बसतोय. मग फोटो दाखवला: लांब मान, एक भुवई कापलेली, ओठ दाबून हसणारा. मला मधात बुडवलेलं मसेमेन वाढलं, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिली. निघताना माझा हात धरून म्हणाली, पोरी, तू त्याच्या टेबलावर बसतेस ना, मग तूच बघ.

मी म्हटलं, आणते त्याला. ट्राममध्ये बसल्यावर वाटलं, हे काय बोलून बसले. पण शब्द गेला तो गेला. सगळ्यांनी मूग गिळून बसायचं ठरवलंय, मी बसणार नाही.

१९ जानेवारी, सोमवार

आज एक खोटी नोंद केली. हजेरीच्या यादीत घातलं: विदाद, चौथा मजला, सहा एप्रिल, दोन दहा. पकडले गेले तर नोकरी गेली.

त्याचा प्रश्न आला: चौथ्या मजल्यावर माझ्याशिवाय कोण आहे? उत्तर गेलं: एक नाव, विदाद.

मग काहीच नाही. एक मिनिट, दोन, चार. भट्टी विझायला आली. पाचला दोन सेकंद उरले असताना पुढचा प्रश्न आला, आणि त्याच्या डोक्यावर टीप लिहिली होती: विदाद कोण?

नावाच्या रकान्यात लिहिलं: तुझ्या टेबलावर बसते, सफीची आहे, आई तुझी वाट बघतेय.

२२ जानेवारी, गुरुवार

तीन दिवस बोलतोय आम्ही. तो प्रश्नाच्या वर लिहितो, मी नावाच्या रकान्यात लिहिते.

तो म्हणतो, तीन वाजायला येतात आणि परत दोन. भूक लागत नाही, झोप येत नाही. बाहेर रस्ता आहे, पण माणूस नाही. लिफ्ट येतच नाही, आणि जिना उतरलं की चौथा मजला संपून पुन्हा चौथाच येतो. भट्टी पेटलेली असते तोवर दिवे असतात, म्हणून तो दर चार मिनिटांनी काहीतरी मागतो. हल्लीच एकदा सगळा काळोख झाला, श्वास आत जाईना, जीव जातो असं वाटलं. कसंबसं चाचपडत बटण दाबलं तेव्हा उजेड आला.

सात तारखेला भट्टी विझवणारी मीच होते. त्याला सांगितलं, माफी मागितली. तो म्हणाला, आता तू आहेस ना, मग ठीक. घरी येऊन खूप रडले.

फेब्रुवारीच्या पंधराला रविवारी तिनाचे दोन होणार, तास परत मिळणार. तोवर भट्टी तेवत ठेवायची आणि त्याला बाहेर काढायचं. त्याला तसं सांगितलंय. झोहैरलाही सांगितलं. त्याने आधी मला वेड्यात काढलं, मग त्या टिपा स्वतः वाचल्या, आणि दिवसभर एकही विनोद केला नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

भट्टी वाढतेय. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार, आज आठ. इद्देरच्या एका प्रश्नाला आठ कशाला लागतील? मागणारा दुसराही कोणी आहे. त्याच्या नावाचा रकाना कोरा.

तो कोराही तेच विचारतो, चौथ्या मजल्यावर कोण आहे. सेकंदाला शंभर वेळा. आणि उत्तर दर वेळी जातं: इद्देर, विदाद, आणि एक कोरा रकाना.

माझं नाव मी माझ्या हाताने घातलंय तिथे.

इद्देरला विचारलं. टीप आली: जिन्यात कोणीतरी चढतंय, तू आलीस तेव्हापासून जोरात चढतंय. इद्देर कागदांच्या खोलीत शिरलाय, दार आतून लावून.

३० जानेवारी, शुक्रवार

दुपारी दोन दहाला मजला रिकामा झाला. झोहैर बोलता बोलता नव्हताच. खुर्च्या तशाच, चहातून वाफ येत होती. ट्रामचा आवाज बंद. जिन्यात पावलं, जड, न थांबणारी. मग सगळे परत होते, आणि झोहैरचं वाक्य पुढे चालू. त्याला काही कळलं नव्हतं.

कालही झालं होतं, पण दोन सेकंदच, म्हणून लिहिलं नाही. आज मिनिटभर.

घाबरले. खोटं कशाला लिहू. पण मग राग आला. नऊ महिने एका पोराला छळलंय, आणि आता माझी पाळी म्हणे. उद्या पावलं आली तर जिन्याच्या दारातच जाऊन उभी राहणार आहे.

३१ जानेवारी, शनिवार

सुट्टी असून गेले. उभी राहिले. दोन दहाला ओरडून सांगितलं, ये वर, बघते तुला. पावलं थांबली.

मग खालून माझ्याच आवाजात उत्तर आलं, येते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बत्तीस भट्ट्या. दवाखान्यांची यादी आज तीन तास रखडली, रुग्ण खुर्चीत बसून राहिले. त्याचं मला वाईट वाटतं, म्हणून बाकीच्या सगळ्या भट्ट्यांतून यंत्रं काढून दवाखान्यांना दिली. डेअरी आणि बसवाले शिव्या घालतायत, घालू देत.

सी बूशाइबनी सगळ्यांसमोर हुकूम दिला, ती भट्टी आत्ताच्या आत्ता पुसून टाका. मी म्हटलं, नाही टाकत. आत माणूस आहे, आणि त्याला आत बसवणारे तुम्ही आहात. ते पांढरेफटक पडले. हळूच म्हणाले, मला सात एप्रिललाच कळलं होतं, पण कोणाला काय सांगणार होतो?

मालकी आधीच माझ्या नावावर करून घेतलीय. माझ्याशिवाय कोणी पुसू शकत नाही. नाकावर टिच्चून बसलेय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

भट्टीची सगळी कलमं पुन्हा वाचली. एक कलम बदललेलं आहे. कमीत कमी किती असावेत, तिथे यंत्रांच्या आकड्याऐवजी ‘दोन जण’ लिहिलंय. मी लिहिलं नाही. इद्देर म्हणतो त्याने नाही.

शून्य करून पाहिलं. होत नाही — काम चालू असताना बदलता येत नाही म्हणे.

म्हणजे त्या तासात नेहमी दोघं हवीत. इद्देर आणि ते, जिन्यातलं. मी आत गेले तर तिघं होतील, आणि एक बाहेर येऊ शकेल.

झोहैर म्हणाला, आणि तू? म्हटलं, माझं मी बघेन. आधी त्याला आईकडे पोचवू.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

कामावरून काढलं. कार्ड बंद. पण यादीत मी अजून चौथ्या मजल्यावरच आहे. घरी बसून हे लिहितेय, आणि तिथे — आहे.

घड्याळ दोन दहावर थांबलंय. फोनमधलंही.

झोहैर त्याचं कार्ड देणार.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आईला फोन केला. तिला काही सांगितलं नाही. ती म्हणाली, आवाज का असा? म्हटलं, सर्दी.

लाला तामूला सगळं सांगितलं. तिने उठून पेटी उघडली. इद्देरचा जाड जेलाबा बाहेर काढला, त्याला थंडी वाजेल म्हणून. ती आणि झोहैर फाटकाशी गाडीत थांबणार.

आज पावलं माझ्या घराच्या जिन्यात होती. दार उघडून बघितलं — मुद्दाम. कोणी नव्हतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

पहाटे २:५०

टेबलावर आहे. वाटेत कोणी अडवलं नाही. खाली झोहैरची गाडी दिसते, दिवे लावलेले. चौसष्ट भट्ट्या पेटल्यात. इद्देरला लिहिलं, दहा मिनिटं. तो म्हणाला, पावलं दाराशी येऊन थांबलीत.

भीती वाटतेय. वाटू दे.

२:००, दुसऱ्यांदा

ट्रामच्या तारा गुणगुणत होत्या, त्या गप्प झाल्या. मी आत आहे.

गाडी दिसते अजून. झोहैर हात हलवतोय. म्हणजे तिकडची माणसं इथून दिसतात. बरं वाटलं.

२:११

जिन्याचं दार उघडलं. तो आला. लांब मान, कापलेली भुवई. फोटोतला. मी हाक मारली, इद्देर. ओठ दाबून हसला. बोलला नाही — इतक्या महिन्यांनी बोलायचं विसरला असेल.

मी लिफ्टकडे बोट दाखवलं. लिफ्ट आली. दहा महिने आली नव्हती, ती आली.

गेला. बाहेर गेला. जमलं. सी बूशाइब, बघा, जमलं.

२:१९

फाटकाशी पोचला. लाला तामू धावली. जेलाबा त्याच्या अंगावर घालतेय. तोंड कुरवाळतेय त्याचं. मी इथे एकटी बसून रडतेय, हसतेय.

आता माझं. ते कुठे आहे बघू. यादीला विचारते.

२:२१

चौथ्या मजल्यावर दोन जण. विदाद. इद्देर.

कोरा रकाना नाही.

यादी चुकली असेल — परत विचारलं. विदाद. इद्देर.

२:२३

टीप आली.

मी कागदांच्या खोलीतच आहे. दार उघडलं नाही मी. आत्ता पावलं खाली गेली ती कोणाची?

२:२४

लाला तामूने त्याचा हात धरलाय. झोहैर गाडीचं मागचं दार उघडतोय. तो वर बघतोय, माझ्याकडे — हसतोय —

नाही. असं नाही होऊ देणार. त्या बाईला मी शब्द दिलाय. इद्देरला ओरडून सांगितलं, बाहेर ये, खुर्ची उचल. आला तो, खरा तो, उभं राहता येत नाही त्याला, तरी एक पाय त्याने धरलाय खुर्चीचा. खिडकीची काच फोडतोय आम्ही. एक घाव. तडा गेलाय. गेलाय तडा —

झोहैर, वर बघ. तिला त्याच्या शेजारी बसू देऊ न